आठ राजांचं मशीन

कडूबा गाडेकरच्या आधी त्याच्या आईची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. म्हणून तिसऱ्याचं नाव कडू ठेवलं. काळानं तोंडात घेतलं तरी थुंकून टाकावं. काळानं थुंकलं खरं, पण पुढं बाकीच्यांनीही तोच शिरस्ता पाळला. शाळेत मॉनिटर निवडायच्या वेळी मास्तरांची नजर त्याच्यावरून घसरून मागच्या बाकावर जायची. हसनाबादला भावकीची बैठक बसली की त्याला सतरंजी आणायला पाठवत, आणि तो सतरंजी घेऊन येईपर्यंत निर्णय झालेला असे.

बारावी झाल्यावर दोन वर्षं घरी बसून १९८४ साली तो भोकरदनच्या एका सहकारी जिनिंगमध्ये कारकून म्हणून लागला. संस्थेचं नाव सांगत नाही. सांगून कुणाचं भलं होणार नाही, आणि ज्यांचं व्हायचं होतं त्यांचं होऊन गेलंय. बारा वर्षांनी तो मुख्य लिपिक झाला. मुख्य झाला म्हणजे त्याच्या हाताखाली एक शिपाई आला. शिपाई अध्यक्षांच्या मेहुण्याचा साडू असल्यामुळं पाणी प्यायला कडूबालाच उठावं लागे.

घरी बायको सत्यशीला. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, आवाज खणखणीत, हिशोब पक्का. "तुमाला काय वाटतं?" असं ती प्रत्येक गोष्टीत कडूबाला विचारायची, पण विचारताना पिशवी खांद्याला लावून तिचा एक पाय उंबऱ्याबाहेर गेलेला असायचा.

अशा माणसाच्या हाती वयाच्या छत्तिसाव्या वर्षी एक राज्य आलं.

झालं असं. सन २००० मध्ये वरून परिपत्रक आलं की संस्थांनी कॉम्प्युटर वापरावा. अध्यक्ष रामरावअण्णांनी कुणाच्या तरी ओळखीतून एक वापरलेलं मशीन आणून कचेरीत ठेवलं. आता हे शिकणार कोण, असा प्रश्न सभेत निघाला. संचालकांनी एकमेकांकडं पाहिलं, मग सगळ्यांनी मिळून कडूबाकडं पाहिलं. त्याला बसस्टँडमागच्या मैमूनाच्या क्लासला धाडण्यात आलं.

मैमूना औरंगाबादहून हार्डवेअरचा डिप्लोमा करून आलेली, पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी. ओढणी कमरेला खोचून, हातात पेचकस घेऊन ती उघड्या मशीनपुढं अशी बसायची की बघणाऱ्याला वाटावं, आता आतून काळीज काढून दाखवते. क्लासात तीन मशीन. जो एक पान बिनचूक टाइप करील त्याला ती अर्धा तास खेळ लावून द्यायची. राजे-रजवाड्यांचा खेळ होता. सुरुवातीला सगळा मुलूख अंधारात. मधे एक झोपडी आणि तीन माणसं. त्या तिघांकडून लाकडं तोडून घ्यायची, दगड काढून घ्यायचे, शेती करायची, घरं बांधायची, माणसं वाढवायची, फौज उभी करायची. अंधारात पलीकडं कुठंतरी दुसरा राजा तेच करत असायचा. मग लढाई.

कडूबाचं पहिलं बिनचूक पान अकराव्या दिवशी झालं. मैमूनानं खेळ लावून दिला. त्यानं एका माणसावर माउस टेकवला, मग एका झाडावर टेकवला. माणूस झाडापाशी गेला आणि कुऱ्हाड चालवू लागला.

कडूबानं इकडं तिकडं पाहिलं. "गेला की!" तो म्हणाला.

"जाएगाच ना चाचा," मैमूना म्हणाली. "तुमी बोलले ना."

मी बोललो म्हणून कुणी गेलं, हा अनुभव कडूबाला नवा होता. त्यानं दुसऱ्या माणसाला दगडावर धाडलं. तोही गेला. त्यानं का म्हणून विचारलं नाही, अण्णांची सही आणा म्हणाला नाही. त्या दिवशी कडूबा घरी चालत गेला तो रस्त्याच्या मधून.

दीड महिन्यानं क्लास संपला, तेव्हा त्याला मराठी टायपिंग जेमतेम येत होतं आणि घोडदळ उत्तम येत होतं. त्यानं मैमूनाकडून खेळाची सीडी मागून घेतली आणि कचेरीतल्या मशीनवर चढवली. दुपारच्या सुट्टीत डबा पुढं ओढून तो राज्य करू लागला. लाकूडतोड्यांना त्यानं मनातल्या मनात संचालकांची नावं दिली होती. व्हाइस चेअरमनला त्यानं तीन महिने खाणीत ठेवलं. शत्रूच्या राजाचं नाव काय होतं, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. पण तो राजा मेला त्या दिवशी रामरावअण्णांना नमस्कार करताना कडूबा जरा जास्तच वाकला.

बोलणंही बदललं. घरी साखर संपली तर तो म्हणे, "रसद कमी पडून राह्यली."

"मंग आना," सत्यशीला म्हणे, आणि पिशवी त्याच्या हातात देई.

सहा महिन्यांत दोन राजांचा मुलूख त्याला अंगणाएवढा वाटू लागला. खेळात नकाशांची यादी होती आणि यादीच्या तळाशी सगळ्यांत थोरला नकाशा होता : आठ राजे, प्रत्येकाची दोनशे माणसं. कडूबानं तो लावला. पहिली वीस मिनिटं झकास गेली. जशी माणसं वाढत गेली तसं मशीन धापा टाकू लागलं. माउस टेकवला की माणूस विचार करून हलायचा. एकदा चहाच्या वेळेला त्यानं फौज नदीत घातली, ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाण्यातच उभी होती. अखेर पडदा गोठला. सोळाशे माणसं एक पाय उचलून उभी राहिली आणि कडूबा त्यांच्याकडं बघत बसला.

मग उपाय सुरू झाले. आधी त्यानं मशीनमधली धूळ तोंडानं फुंकली; ती डोळ्यांत गेली. मग कॅशियरच्या टेबलावरचा पंखा उचलून मशीनकडं तोंड करून लावला. कॅशियर घामानं निथळत राहिला, फौज पाण्यातच राहिली. मग कडूबानं स्वतःचं डोकं चालवलं. नकाशा थोरला आहे, म्हणजे तो मावायला पडदा थोरला पाहिजे. त्यानं अण्णांना सांगितलं की अक्षरं दिसत नाहीत, डोळे जाऊन राह्यले. अण्णांनी सतरा इंची मॉनिटर मंजूर केला. आता फौज पूर्वीइतकीच हळू चालायची, फक्त मोठी दिसायची.

त्यावर तो एसटीनं जालन्याला गेला. तिथल्या एका दुकानदारानं त्याची तक्रार मन लावून ऐकली, मान हलवली आणि त्याच्या गळ्यात मशीनला घालायचा निळ्या दिव्याचा डबा आणि दोन स्पीकर बांधले. "आता फरक पडंल," दुकानदार म्हणाला. फरक पडला. घोडे अडकून पडले की त्यांचं खिंकाळणं आता दोन्ही कानांनी ऐकू यायचं.

शेवटी तो मैमूनाकडं गेला. आधीच का गेला नाही? तर मैमूना वयानं लहान, त्यात बाईमाणूस, त्यात गावातली. आपल्याकडं औषधाला गुण यायचा तर वैद्य परगावचा लागतो.

मैमूनानं कचेरीत येऊन मशीन उघडलं, आत डोकावली आणि हसायला लागली.

"चाचा, तुमच्या जिनिंगमधे गोदाम हाय ना? ती हार्डडिस्क समजा. गोदामातून कापूस काढून जिनापुढच्या ओट्यावर टाकता. तो ओटा म्हनजे रॅम. आन् सरकी काढनारं जिन म्हनजे प्रोसेसर."

"बराबर," कडूबा म्हणाला. जिनिंगचं म्हटल्यावर त्याला कळू लागलं.

"तुमचा ओटा इत्तासा हाय. बत्तीस एमबी. आठ राजांची मानसं त्याच्यावर मावतच न्हाईत. मंग मशीन एकाला गोदामात नेऊन ठिवतं, दुसऱ्याला आनतं, पुना त्याला नेतं. सगळा वखत ने-आन करन्यात जाऊन राह्यला."

"आन् जिन?"

"परत्येक शिपाई कुठून जाईल, झाडाला वळसा कसा घालंल, पूल कुठं हाय, हे सगळं जिनाला मोजावं लागतं. सोळाशे मानसांचं, हर घडी. तुमचं जिन म्हातारं हाय."

"जालन्यावाला ग्राफिक कार्ड घ्या म्हनत होता. लई भारी."

"हा खेळ सपाट हाय चाचा. कार्ड चित्र काढतं, मोजनी करत न्हाई. तिथं खर्चा नका करू. पेंटियम थ्री घ्या, रॅम दोनशे छप्पन टाका. बस्स. मख्खन चलेगा."

"याच्यातच बसव की मंग."

"या बोर्डावर न्हाई बसत. पूरा नया लेना पड़ेगा."

मशीन खेळासाठी घ्यायचंय का कामासाठी, हे तिनं विचारलं नाही. ती रोज कचेऱ्यांमधली मशीनं दुरुस्त करायची, तिला माहीत होतं.

कडूबानं सगळं एका जुन्या काटापावतीच्या पाठीमागं उतरवून घेतलं. ग्राफिक कार्ड नको असं ती म्हणाली होती, तरी त्यानं तेही लिहिलं. यादी लांब असली की संचालकांचा तिच्यावर विश्वास बसतो, हे सोळा वर्षांच्या नोकरीत तो शिकला होता. मग त्यानं टिपणी लिहायला घेतली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या लेखणीला धार आली.

"सविनय सादर की, संस्थेची आठ खरेदी केंद्रे असून प्रत्येक केंद्रावर कमाल दोनशे सभासद एकाच वेळी हालचाल करीत असतात. सदर सोळाशे सभासदांची हालचाल, त्यांनी आणलेली सामग्री, तिचा साठा तसेच सीमेवरील परिस्थिती एका दृष्टिक्षेपात येणे संस्थेच्या हिताचे आहे. सध्याच्या संचावर सभासद नदी ओलांडताना अडकतात, असे वारंवार निदर्शनास आले आहे. सबब, उच्च क्षमतेचा संच घेण्यास मंजुरी असावी."

केंद्रं खरी तीनच होती. उरलेली पाच अण्णांच्या भाषणात होती, त्यामुळं आकड्याला कुणी हरकत घेणं शक्यच नव्हतं.

सभेत टिपणी वाचून दाखवली गेली. एक म्हातारे संचालक डुलकीतून जागे झाले. "कोनत्या नदीत अडकतेत?"

कडूबा फायलीत नदी शोधू लागला.

"केळनाच असंल," व्हाइस चेअरमन म्हणाले. "पुलाचं काम राह्यलंच की." त्यावर अर्धा तास पुलावर चर्चा झाली आणि मागच्या आमदाराला शिव्या देऊन झाल्या.

"ह्ये चित्राचं कार्ड कशाला?" आणखी एकानं विचारलं.

"सभासदांचे चेहरे ओळखू यावेत म्हनून," कडूबा म्हणाला. हे ऐकून सगळेच जरा सावरून बसले. सभासदांचे चेहरे ओळखायची वेळ इतक्या वर्षांत कुणावर आली नव्हती.

खरा वाद पुढं झाला. मशीन व्हाइस चेअरमनच्या पुतण्याच्या दुकानातून घ्यायचं की अण्णांच्या साडूच्या. यंत्र एकाकडून आणि लाइट गेल्यावर चालवायची बॅटरी दुसऱ्याकडून, असा तोडगा निघाला आणि ठराव एकमतानं पास झाला. मशीन कशासाठी, हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारला नाही. पुढंही कुणी विचारला नाही.

२००१ च्या दसऱ्याला नवं मशीन आलं. कडूबानं टेबल पुसून ठेवलं होतं, खुर्चीला नवी उशी आणली होती. नारळ फुटला. अण्णांनी मशीनवर हात ठेवला आणि म्हणाले, "कडूबा, येवढं भारी मशीन तुझ्या टेबलावर शोभंल का?"

कडूबाला होय म्हणायचं होतं. "न्हाई, साहेब," तो म्हणाला.

मशीन अण्णांच्या केबिनमध्ये गेलं. त्यावर प्लॅस्टिकचं झाकण आलं, झाकणावर झेंडूचा हार आला. कुणी पाहुणा आला की अण्णा उठून, बैलाच्या पाठीवर मारतात तशी मशीनवर थाप मारून सांगत, "पेंटियम थ्री हाय." पाहुणा मान डोलवी. चालू कुणीच करत नसे. कडूबा सह्यांची फाइल घेऊन आत जाई आणि झाकणाखालून दिसणाऱ्या वायरीकडं बघून बाहेर येई. बाहेर त्याच्या टेबलावर जुन्या मशीनमध्ये फौज अजून पाण्यात होती.

दोन महिने त्यानं असे काढले. मग एक दिवस हळूच म्हणाला, "साहेब, मशीन रोज घंटाभर चालू न्हाई केलं तर आतून ओल धरतं, म्हनतेत."

"मंग करत जा की," अण्णा म्हणाले. डिसेंबरात ते चार दिवस मुंबईला गेले, तेव्हा केबिनची किल्ली कडूबाकडं देऊन गेले.

डिसेंबर म्हणजे कापसाचा भर. फाटकापासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर आणि गाड्या लागलेल्या. काट्यावर वजन झालं की पावतीवर मुख्य लिपिकाची सही लागे, सहीशिवाय गाडी खाली होत नसे. कडूबानं सकाळी चाळीसेक सह्या केल्या आणि दहा वाजता घंटाभर मशीन वाळवायला म्हणून खेळाची सीडी घेऊन केबिनमध्ये शिरला.

आठ राजे. दोनशे-दोनशे माणसं. त्यानं श्वास रोखून फौज नदीत घातली. फौज पाणी उडवत पलीकडं गेली. त्यानं डोंगराच्या टोकावरून खालपर्यंत नकाशा सरकवला. कुठं अडखळ नाही, कुठं झटका नाही. इकडं शेतं पिकत होती, तिकडं तटबंदी चढत होती, पाच राजे एकमेकांशी भांडत होते आणि दोघं त्याच्याकडं तह मागायला येत होते. कडूबाच्या डोळ्यांत पाणी आलं. लेक झाली तेव्हाही आलं होतं, पण तेव्हा सासू म्हणाली होती बाजूला व्हा.

घंट्याचे चार घंटे झाले. बाहेर रांग थिजली होती. "साहेब मीटिंगमधे हायेत," असं शिपाई सगळ्यांना सांगत होता. त्यानं कडूबाला साहेब म्हणायची ही पहिलीच वेळ, आणि ती ऐकायला कडूबा तिथं नव्हता. शेवटी रांगेतून द्वारकाबाई म्हणून साठीची एक बाई उठली. आदल्या संध्याकाळी ती राजूरकडून कापसाची ट्रॉली घेऊन आली होती. तिनं शिपायाला हातानं बाजूला सारलं आणि केबिनचं दार लोटलं.

"साहेब, पावती."

"पाच मिनटं, मावशी," मान न वळवता कडूबा म्हणाला. "वेढा पडलाय."

बाई अण्णांच्या सोफ्यावर बसली. वेढा कुणाला पडला हे बघायला तिनं मान पुढं काढली. बराच वेळ बघत राहिली.

"ही मानसं कोनाची?"

"माझी."

"काय करून राह्यले?"

"लाकडं तोडून आनतेत. ते तिकडचे धान्य आनतेत."

"ह्या मानसानं गाठोडं आनून टाकलं का लगीच मोकळा होऊन राह्यला," बाई म्हणाली. "याची पावती कोन करतं?"

"याला पावती लागत न्हाई."

"मंग तिथं तुमची काय गरज?"

कडूबानं मान वळवली. बाई रागावलेली नव्हती. तिला खरोखरच प्रश्न पडला होता. तिच्या लुगड्यावर कापसाचे पुंजके चिकटलेले होते आणि ती त्याच्या उत्तराची वाट बघत होती. त्यानं मशीन बंद केलं, पेन उघडलं आणि तिच्या पावतीवर सही केली. मग बाहेर जाऊन दिवस मावळेपर्यंत सह्या करत बसला. एकाच्याही तोंडाकडं त्यानं पाहिलं नाही. पण द्वारकाबाईनं फाटकापाशी जाऊन जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं होतं, आणि अण्णा मुंबईहून यायच्या आत ते अख्ख्या बाजारात पसरलं होतं.

अण्णांनी आल्या आल्या बोलावणं धाडलं. कडूबा राजीनामा खिशात घालूनच गेला.

"कोनता खेळ खेळत होता रे? दाव."

कडूबानं खेळ लावला. एका माणसाला झाडाकडं धाडलं. अण्णा वाकून बघू लागले.

"ह्ये सांगंल ते करतेत?"

"होय, साहेब."

"उलटून बोलत न्हाईत?"

"न्हाई."

"दर पाच वर्साला मतं मागायला जावं लागतं का यांच्याकडं?"

"न्हाई, साहेब."

अण्णा ताठ झाले. "सरक," ते म्हणाले, आणि खुर्चीत बसले.

पुढचे आठ दिवस अण्णांनी केबिन आतून लावून घेतली. पण मशीनमधल्या राजांना ते अध्यक्ष आहेत हे ठाऊक नव्हतं. त्यांनी अण्णांचं गाव तीनदा जाळलं. अण्णांना समजदार शत्रू हवा होता. मैमूनाला बोलावून त्यांनी केबिनमधल्या मशीनपासून कडूबाच्या टेबलापर्यंत वायर ओढून घेतली. एकीकडं अण्णा, दुसरीकडं कडूबा, मधे सहा फालतू राजे.

खेळ सुरू झाला आणि अर्ध्या तासात केबिनमधून ओरडा आला. "ह्ये पेंटियम थ्री हाय ना? मंग रांगून का राह्यलं?"

मैमूनाला परत बोलावलं गेलं. ती दारातच उभी राहून म्हणाली, "साहेब, जुळून खेळायचं म्हनलं का सगळ्यात हळू मशीनच्या चालीनं सगळ्यांना चालावं लागतं. बाहेरचं मशीन पुढं सरकंना, तवर तुमचं थांबून राहतं. बैलजोडीत एक लंगडा असला तर दुसरा कितीबी तगडा असू द्या."

"मंग?"

"चाचांना बी असंच मशीन पायजे."

कडूबा खाली मान घालून उभा होता. हसू लपवायला ती जागा चांगली होती.

दुसरी टिपणी त्यानं उभ्या उभ्या लिहिली : "केंद्रांमधील गतीचा समतोल राखणेबाबत." सभेत ती चार मिनिटांत पास झाली. ग्राफिक कार्ड याही वेळी यादीत होतं, सवयीनं. त्याच सभेत काट्याच्या दुरुस्तीची टिपणी होती. दिवाळीपासून काटा क्विंटलमागं दोन-तीन किलो कमी दाखवत होता. ती टिपणीही कडूबानंच लिहिलेली. वेळेअभावी ती पुढच्या सभेवर ढकलली.

तर असं कडूबाला त्याचं मशीन मिळालं. आणि मिळाल्यावर त्याला कळलं की त्यावर त्यानं रोज दुपारी तीन ते पाच हरायचं आहे.

तीन महिने तो हरला. एका सोमवारी मात्र वेगळं घडलं. अण्णांना फोन आला, ते बोलण्यात गुंतले आणि त्यांच्या किल्ल्याचा दरवाजा उघडा राहिला. टेकडीवर कडूबाचे साठ घोडेस्वार उभे होते. त्यानं दरवाजाकडं पाहिलं. मग काचेपलीकडं पाठमोऱ्या अण्णांकडं पाहिलं. मागं वळून शिपायाकडं पाहिलं. तो झोपला होता. कडूबानं माउस टेकवला. साठच्या साठ स्वार एका दमात उतरले, कुठंही न अडखळता, आणि पावणेचारला अण्णांचं राज्य बुडालं.

अण्णांनी फोन ठेवला, पडदा पाहिला. "बरं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऑर्डर निघाली. कामाच्या सोयीसाठी मुख्य लिपिक गाडेकर यांची हसनाबाद केंद्रावर नेमणूक.

"जिंकायला लागलंच व्हतं का?" सत्यशीलानं विचारलं.

"येकदा," कडूबा म्हणाला.

त्या रात्री सत्यशीलानं त्याचं ताट सगळ्यांच्या आधी वाढलं.

हसनाबादचं केंद्र म्हणजे पत्र्याची शेड, एक काटा आणि एक टेबल. वीज असून नसल्यासारखी. भावकीतली माणसं येता-जाता विचारत, "काय कडूबा, इकडंच का?" दुसरं काहीच करायला नसल्यामुळं तो झटपट वजनं करी, झटपट पावत्या फाडी. दुपारच्या आत रांग संपायची. लोक म्हणू लागले, मानूस कामाचा हाय. हे कानावर आलं तेव्हा कडूबाला फार अपमान वाटला.

दीड महिन्यानं जीप आली. अण्णांनी मधल्या काळात शिपायाला बसवून पाहिलं, त्याला काहीच येत नव्हतं. पुतण्याला बसवलं, त्याला फार येत होतं. कडूबासारखा हरणारा मिळत नव्हता. ड्रायव्हर म्हणाला, "अण्णांनी बोलावलंय, सामान घिऊन."

ही बातमी फुटली तेव्हा हसनाबादेत लोकांना वाटलं, कडूबा आता न्हाई म्हनंल. दोघातिघांनी तर त्यावर पैज लावली. कडूबानं शर्टाला इस्त्री करून घेतली.

"जाऊन राह्यले?" सत्यशीलानं विचारलं.

"जावं लागंल."

"लागंल का?"

कडूबा वाकून पायमोजे शोधत होता, म्हणून त्याला ऐकू आलं नसावं.

भोकरदनला आल्यावर तो पुन्हा तीन ते पाच हरू लागला, आणि आता असा हरू लागला की अण्णा खूश होऊन घरी जाताना शीळ घालत. २००३ मध्ये संस्थेचा व्यवस्थापक निवृत्त झाला. सेवाज्येष्ठता, संगणकाचं ज्ञान आणि संस्थेवरची निष्ठा पाहून ती जागा कडूबा गाडेकर यांना देण्यात आली. त्यांचा सत्कार झाला. अण्णा भाषणात म्हणाले, मानसानं पराभव पचवायला शिकावं.

त्या पावसाळ्याआधी मैमूना दोन्ही मशीनं साफ करायला आली. कडूबाचं मशीन उघडून ती पंख्यातली रुई काढत होती. केबिनचं दार बंद आहे असं बघून तिनं विचारलं, "चाचा, तुमचा हात मला ठाऊक हाय. रोज हारता कसं?"

कडूबा जरा पुढं सरकला. चेहरा उजळला. हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"लवकर हारायचं न्हाई," तो हळू आवाजात म्हणाला. "लवकर हारलं का त्यांना वाटतं आपुन मुद्दाम केलं. आधी घंटाभर जोर धरायचा. त्यांची दोन-चार घरं पाडायची. घाबरले पायजेत. मंग पश्चिमेच्या भिंतीत एक फट ठिवायची, पन ती त्यांनाच सापडली पायजे. आपुन दावायची न्हाई. हत्ती उशिरा धाडायचे. आन् येवढं करूनबी जिंकायला लागलो, तर लाकूडतोड्यांना लढाईवर धाडायचं."

"ते मरतात ना मंग?"

"मरतेत," कडूबा म्हणाला. "पन लढाई बराबर संपती."

मैमूनानं झाकण बसवलं. चौथा स्क्रू काही सापडेना; तिनं तीनच आवळले, बिलावर त्याची सही घेतली आणि निघाली. व्यवस्थापकाची सही आता पहिल्यापेक्षा मोठी आणि वळणदार झाली होती. केबिनमधून अण्णांचा आवाज आला, "कडूबा, बस रे, नकाशा लागला." भिंतीवरच्या घड्याळात तीनला पाच मिनिटं कमी होती. कडूबानं खुर्ची पुढं ओढली आणि मशीन चालू केलं.